डाव्या हाताची भाकरी

अण्णा शिरोट्यांनी दुरडीतून दोन भाकरी चिमट्यानं उचलल्या आणि बाजूला वर्तमानपत्रावर ठेवल्या. हात लावला नाही. शालन तिथंच, दवाखान्यापुढच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपाशी पिठलं घोटत उभी होती.

"या दोन राहू द्यात बाजूला," ते म्हणाले.

"का? करपल्यात?" मी विचारलं.

"करपल्या नाहीत. कुणाच्या आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे, हेमावहिनी."

ठाऊक होतंच. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला दुसरीची भाकरी लांबून ओळखू येते. कुणाची जाड, कुणाची कडेला चिरलेली, कुणाची तव्यावरून उतरली तरी अर्धी कच्ची. शालन डावरी होती. उजव्या हातानं थापली की भाकरी हाताखाली एका अंगाला फिरत जाते आणि बोटांचे वळ त्या फिरण्याच्या दिशेनं उठतात. वर पाणी फिरवलं तरी कडेला ते राहतातच. शालनच्या भाकरीवर ते वळ उलटे असायचे. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. "तुझी भाकरी रुसून माहेरी निघालीय गं," असं म्हणायचो आणि ती खो खो हसायची.

पण ते हसणं तिचा नवरा जायच्या आधीचं. महादेव ट्रकवर होता, मुंबई ते बंगळूर. वर्षभर वाळत वाळत गेला, आणि तो कशानं गेला हे गावाला तो जायच्या आधीच कळलं होतं. ही गोष्ट पंचवीस-एक वर्षांपूर्वीची. आमच्या येरळगावात तेव्हा त्या रोगाचं नावही कुणी घेत नसे. 'तो रोग' म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली आणायचे.

"अण्णा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की. खाण्यापिण्यानं होत नाही तो," मी म्हटलं.

"डॉक्टरीणबाई दवाखान्यात सांगतात, वहिनी. लोक बाजारात ऐकतात. उद्या जेवायच्या रांगेतल्या कुणाच्या कानावर गेलं, तर रांगच्या रांग उठून जाईल. ज्वारी माझी आहे. बोल मला लागेल."

"इतके दिवस नाही लागला."

"इतके दिवस मला माहीत नव्हतं. आमची ही सहज बोलून गेली, डावरीच्या भाकरीचे वळ उलटे असतात म्हणून. आता माहीत झाल्यावर गप्प बसू?" त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच शालनकडं बघितलं. "बाई, राग मानू नका. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पळीनं ढवळा हवं तर, पण तुमच्या हातानं थापलेली भाकरी यात नको."

मग ते शेड चालवणाऱ्या भागाकाकूंकडं वळले. "काकू, बुधवारी गवंडी घेऊन येतो. या पत्र्याच्या जागी पक्की खोली बांधून देतो म्हटलंय, तो शब्द आहे माझा. तोवर हे मिटवा. नाही मिटलं तर खोलीही नाही आणि ज्वारीही नाही."

अण्णा वाईट माणूस नव्हते. हे मी आता म्हणते. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याच्या अंगावर पिठल्याची पळी भिरकावली असती.

शालननं पळी पातेल्यावर आडवी ठेवली. वर्तमानपत्रावरच्या दोन्ही भाकरी उचलल्या, पदरात गुंडाळल्या. "मीठ घालायचंय अजून," एवढंच माझ्याकडं बघून म्हणाली आणि गेली.

आमचं शेजार मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. तालुक्याचा सरकारी दवाखाना आमच्या गावात. चाळीस-पन्नास खेड्यांतली माणसं पेशंट घेऊन यायची. पेशंटला दवाखान्याचं जेवण मिळायचं; त्याच्याबरोबरच्या माणसाला कोण विचारतो? आई खाटेवर आणि लेक बाहेर कडुनिंबाखाली उपाशी, असं चालायचं. भागाकाकूंनी ते बघितलं आणि गल्लीतल्या बायकांना म्हणाल्या, रोज आपल्या घरच्यांपुरत्या थापता तशा दोन जास्तीच्या थापा. त्यातून मंडळ झालं. ज्यांच्या घरात दाणे होते त्या आपल्या घरच्या ज्वारीच्या भाकरी द्यायच्या. ज्यांच्या घरात जास्तीचे दाणे नव्हते त्यांना आम्ही पीठ द्यायचो, त्या नुसते हात द्यायच्या. ते पीठ अण्णांच्या ज्वारीचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून वाट्या-डब्या घ्यायचो नाही, मापटंभर ज्वारी मागायचो. पण ती काही वर्षभर पुरणारी नव्हती. अण्णांचं अडत दुकान होतं, त्यांची पोती दर महिन्याला यायची.

नियम एकच होता. दुरडीत पडलेली भाकरी मंडळाची. कुणाची कुणाला मिळाली, हे विचारायचं नाही.

त्या दिवशी पिठल्यात मीठ मीच घातलं. रागाच्या भरात दोनदा घातलं, आणि माणसं पाणी पीत पीत जेवली.

भांडी घासताना मी भागाकाकूंना म्हटलं, "उद्या त्यांची पोती त्यांच्या दारात नेऊन टाकू."

"आणि परवा?" काकू म्हणाल्या. त्या शांतपणे राखेनं पातेलं घासत होत्या. "परवा मालन, द्रौपदी, हौसा, ह्या कशाच्या थापतील? त्यांच्या घरात आज-उद्याचं पीठ नाही."

"म्हणजे तुम्ही त्यांचं ऐकणार?"

"मी ऐकणार असं म्हटलं का?"

"मग काय म्हणताय?"

"मला पण राग येतो, हेमा. पण रागाच्या भाकरी होत नाहीत. महिन्याची ज्वारी आणून दाखव, मग मी अण्णाला सांगते त्याची खोली कुठं बांधायची ते. नुसतं तोंड चालवायचं असलं तर घरी जाऊन चालव."

काकू अशा बोलल्या की मी उलट बोलत नसे. त्यांच्यासमोर तरी नाही.

संध्याकाळच्या आत मी शालनकडं गेले. सासरच्या घराच्या मागं तिला एक खोली दिली होती. वेगळी चूल, वेगळी घागर, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. ती काठवटीपुढं बसली होती. डाव्या हाताखाली भाकरी गरगर फिरत होती.

"कुणासाठी थापतेस?" मी विचारलं.

"कुत्र्यासाठी." ती हसली नाही. "सवयीनं जास्तीच्या होतात वहिनी. एकटीपुरतं पीठ मळायला हातच वळत नाही."

"उद्या येणार ना तू?"

"नाही. माझ्यापायी सगळ्यांच्या तोंडचा घास नको." भाकरी तव्यावर टाकून ती पाणी फिरवायला लागली, आणि तोंड तिकडंच ठेवून बोलत राहिली. "सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. दिराच्या पोरांना मी लाडू दिला तर जाऊबाईंनी पोरांच्या तोंडात बोटं घालून बाहेर काढला. माहेरी गेले, तर आईनं पानात वाढलं, पण ते ताट पुन्हा मांडणीला लावलं नाही. परसात ठेवलं. आईनं, वहिनी. रोज थापते आणि माझ्या हातची भाकरी खाणारं या जगात कुणी नाही. एक तुमची दुरडी होती. दुपारी चुलीपाशी उभी राहून बघायचे, कुणीतरी घास मोडतंय. माझा असंल, नसंल. पण असू शकतो, एवढं पुरायचं मला."

 बोलण्यापेक्षा मला काहीतरी करणं जमतं. मी हात धुतले, तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "सरक."

"काय करताय?"

"पीठ दे गोळाभर." मी डाव्या हातानं थापायला लागले. भाकरी जागची हलेना. ढकलली तर कडेनं फाटली, उचलली तर अर्धी हातात आणि अर्धी काठवटीत. दुसऱ्यांदा केली ती तव्यावर जाताना दुमडली.

शालन बघत राहिली, आणि मग एकदम हसली. कितीतरी दिवसांनी. "आवं, तळवा नाही दाबायचा. बोटांनी ढकलायची. अशी."

"शिकव मला."

"कशाला पण?"

"शिकव म्हणते ना."

मला शिकायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी गल्लीतल्या घराघरांत गेले. नेहमी आम्ही माणसं गोळा करायचो तसंच. उंबऱ्यावर बसायचं, सासूची चौकशी करायची, चहा नको म्हणायचं, चहा घ्यायचा आणि मग कामाचं बोलायचं. फक्त या वेळी काम वेगळं होतं.

"डाव्या हातानं?" मालन ओरडलीच. "अन्नाला डावा हात? आमच्या आत्याबाई माझं बखोट धरून बाहेर काढतील."

"उजवा दुखतोय म्हणून सांग."

"कशानं दुखतोय म्हणू?"

"त्यांचे पाय चेपून."

मालन तोंडाला पदर लावून हसली आणि तयार झाली. द्रौपदी काही न विचारता तयार झाली. हौसानं विचारलं, "भीती नाही ना काही, खरंच?" मी तिला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन उभं केलं. तिथून बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं कुणी?" सगळ्याच तयार झाल्या असं नाही. दोघींनी मंडळातून नावं काढून घेतली. एकीनं माझ्या तोंडावर दार लावलं. मी बाहेरून तिला चार शब्द ऐकवले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

दुपारी माझ्या घरी शाळा भरायची. शालन शिकवायची. पंधरा-वीस बायका काठवटी घेऊन ओळीनं बसायच्या आणि डावे हात पिठात. फाटलेल्या भाकरींचा ढीग पडायचा. आमच्या घरात त्या आठवड्यात सगळ्यांनी कुस्कराच खाल्ला. नवरा म्हणाला, "हे किती दिवस चालणार?" मी म्हटलं, "तुम्ही पण शिका." पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

सोमवारी दारात सुमतीवहिनी उभ्या. अण्णा शिरोट्यांची बायको. हातात काठवट. सगळ्यांचे हात थांबले.

"ती वळांची गोष्ट मीच बोलले घरात," त्या दारातूनच म्हणाल्या. "हसण्यावारी बोलले होते. ह्यांनी त्याचं असं केलं." आणि शालनकडं बघून, "मला जागा आहे का गं?"

शालननं स्वतःची काठवट सरकवली आणि त्यांना शेजारी बसवलं. महादेव गेल्यापासून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून गावातलं कुणी बसलं नव्हतं, मी सोडून.

राहिली ज्वारी. मंगळवारी बाजार. मी आणि द्रौपदी रिकामं पोतं घेऊन धान्यबाजारात गेलो आणि बरोबर अण्णांच्या दुकानासमोर पोत्याचं तोंड उघडून उभ्या राहिलो. दुसरीकडं जागा नव्हती असं नाही.

"पसाभर ज्वारी द्या. दवाखान्यातल्या भाकरीसाठी," मी प्रत्येकाला म्हणत होते.

"अण्णा देतात की तुम्हाला," एक जण दुकानाकडं बोट करून म्हणाला.

"अण्णांचं अण्णांपाशी. तुम्ही देताय का बोला."

आधी कुणी थांबेना. मग डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक शेतकरी आपल्या ढिगापासून उठून आला. माझ्याकडं नीट बघितलं. "तुमीच का त्या भाकरीवाल्या? कडुनिंबाखाली वाढत्यात त्या?"

"होय."

"गेल्या साली म्हातारीला घेऊन आलतो. सोळा दिस तुमच्यात जेवलो. पैसं इचारलं तर तुमी म्हनला, घरी गेल्यावर बघू." त्यानं पसा भरला नाही. पाटी भरली आणि पोत्यात ओतली. "घरी गेलो. आता बघा." मग शेजारच्या ढिगावरच्याला हाक मारली, "ए तुकाराम, तुझी बी भावजय हुती की रं तिथं! धर, भर पाटी."

त्यानंतर आम्हाला मागावं लागलं नाही. कुणी पसा, कुणी पाटी. एक म्हातारी पदराच्या गाठीतले मूठभर दाणे टाकून गेली. दुपारपर्यंत पोतं तोंडापर्यंत आलं, दुसरं उसनं मागून आणलं. अण्णा गादीवरून बघत होते. त्यांनी नोकराला पाठवून आम्हाला पाणी दिलं, हेही सांगितलं पाहिजे. मी ते प्यायले नाही. द्रौपदी प्यायली. बाजारातला तो पसा आम्ही पुढं कधी सोडला नाही; आज मंडळाच्या पोरी मोपेडवरून पोती आणतात, पण मागतात तशाच, पोत्याचं तोंड उघडून.

संध्याकाळी पोती भागाकाकूंच्या ओसरीवर टाकली. काकूंनी हात घालून दाणे वर-खाली केले, एक दाणा दाताखाली फोडला.

"महिना निघेल," त्या म्हणाल्या. "उद्या काय करणार आहेस ते मला सांगू नकोस. मी तिथंच असेन."

मी खूश होते. सगळं जमून आलं होतं. शालन मात्र दिवसभर गप्प होती. मला वाटलं, दमली असेल.

बुधवारी दुपारी शेडपुढं रांग लागली. अण्णा आले, बरोबर गवंडी, त्याच्या सायकलला चुन्याच्या फक्कीची पिशवी. आखणी आजच करायची होती. शालनला मी आग्रहानं आणली होती; ती चुलीपाशी होती, नेहमीसारखी पळी धरून. अण्णांनी तिला बघितलं, कपाळाला आठी पडली, आणि दुरडीकडं वळून त्यांनी चिमटा उचलला.

पहिली भाकरी उलटी. त्यांनी ती वर्तमानपत्रावर ठेवली. दुसरीही उलटी. ती ठेवली. तिसरी, चौथी. मग ते भराभर उचलायला लागले. वर्तमानपत्रावर ढीग झाला आणि दुरडीत एक सरळ भाकरी सापडेना. तेवढ्यासाठी ज्यांना जमलं नव्हतं त्यांनी त्या दिवशी पीठ मालनकडं धाडलं होतं.

"हा काय पोरखेळ आहे?" अण्णा म्हणाले.

"उजवा हात भरून आलाय, अण्णा," मालन म्हणाली.

"माझा पण," हौसा म्हणाली.

"साथच आलीय गल्लीत," मी म्हटलं.

अण्णांनी दुरडीच्या बाजूला ठेवलेलं पिवळ्या काठाचं फडकं ओढलं. ते त्यांच्या घरचं. दोन भाकरी आत, थोड्या वेड्यावाकड्या, पण वळ उलटे. ते बघत राहिले. मागून सुमतीवहिनींचा आवाज आला. "माझा सुद्धा दुखतोय. सकाळपासून."

बायका हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. मला वाटलं, जिंकलो.

पण अण्णा दुकानदार माणूस. ते बायकोशी भांडले नाहीत, माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांनी रांगेकडं बोट केलं आणि भागाकाकूंना विचारलं, "काकू, मला फसवलंत, ठीक आहे. या माणसांना माहीत आहे का ती कुणाच्या हातचं खातायत? लपवून चारताय तुम्ही त्यांना. लपवायचं कशाला, काही नाही तर?"

माझं हसणं तिथंच राहिलं.  कारण खरंच आम्ही लपवलं होतं. मी आठवडाभर राबून तेवढंच केलं होतं: शालनची भाकरी कुणाला ओळखू येणार नाही अशी केली होती.

चुलीपाशी पळी ठेवल्याचा आवाज झाला. शालन पुढं आली. पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ. वर्तमानपत्रावरच्या ढिगात तिनं हात घातला आणि क्षणभरही न थांबता दोन भाकरी बाहेर काढल्या.

"ह्या माझ्या," ती म्हणाली.

"शालन, गप्प बस," मी कुजबुजले.

"नाही वहिनी. तुम्ही माझ्यासाठी केलंत, मला माहीत आहे. पण मी चोरी केलेली नाही. मी लपून कशाला राहू?" मग ती रांगेकडं तोंड करून उभी राहिली.  "माझं नाव शालन. माझा नवरा त्या रोगानं गेला. एड्सनं. मलाही त्याची लागण आहे, इथंच रक्त तपासलंय. भाकरीनं तो होत नाही; झाला असता तर या बाया माझ्या शेजारी बसून थापायला शिकल्या नसत्या. या दोन माझ्या हातच्या. बाकीच्या यांच्या. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी, नको त्यानं दुसरी घ्यावी. फसवाफसवी नको."

आमच्या गावात तो शब्द चारचौघांत मोठ्यानं म्हटलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

 रांगेच्या मागून एक माणूस ताटली घेऊन बाहेर पडला आणि निघून गेला. त्याच्यामागं दुसरा. अण्णा हळू म्हणाले, "बघा. मी सांगत होतो." ते विजयानं म्हणाले नाहीत, वाईट वाटून म्हणाले, मला ते जास्त लागलं. शालनच्या हातात भाकरी तशाच होत्या. हात खाली आला नव्हता. मी पुढं जाऊन त्यातली एक घेणार होते. भागाकाकूंनी माझं मनगट धरलं. "तू नको," त्या म्हणाल्या. "तू घेतलीस तर त्याला काय किंमत?"

रांगेत पुढून तिसरी का चौथी एक म्हातारी होती. जत भागातली असावी. पायात चपला नव्हत्या, हातात जर्मनची ताटली. तिनं पुढच्या दोघांना कोपरानं बाजूला केलं.

"झालं का गं तुमचं बोलून?" ती म्हणाली. "माझी लेक वर एकलीच हाय. सकाळधरनं पोटात काय न्हाई माझ्या. अन् तुमी भाकरी हातात धरून भाषान करताय."

"मावशी, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना?" शालननं विचारलं.

"ऐकलं की. भैरी न्हाई मी. तुला रोग हाय, भाकरीला हाय का?" तिनं शालनच्या हातातली भाकरी ओढून घेतली आणि ताटली पुढं केली. "कालवान हाय का न्हाई ह्याच्याबर?"

पिठलं कुणी वाढायचं हे कुणालाच सुचलं नाही. शालननंच पळी आणली आणि वाढलं. म्हातारी तिथंच खाली बसली, भाकरी मोडली आणि खायला लागली. आम्ही सगळ्या, अण्णा, गवंडी, उरलेली रांग, सगळे तिच्याकडं बघत होतो. तिला त्याचं काही नव्हतं. शालन पळी धरून तिच्यासमोर उभी होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"मलाबी अर्धी द्या तिच्यातली," रांगेतला एक मिशीवाला म्हणाला. दुसऱ्या भाकरीचे दोन तुकडे झाले. दुसरा कुणी घेतला ते मला दिसलं नाही, मला काहीच दिसत नव्हतं नीट.

अण्णांनी चिमटा दुरडीजवळ ठेवला. गवंड्याला म्हणाले, "चल." फक्कीची पिशवी जशी आली तशी परत गेली. भागाकाकू त्यांच्यामागं चार पावलं गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या खोलीवाचून अडणार नाही. पण सुमतीला भाकरी आणायला अडवू नका."

अण्णा थांबले. वळून काही बोलणार होते.

तेवढ्यात म्हातारीनं ताटली बोटानं निपटून शालनपुढं धरली. "मऊ हुती गं. आनिक हाय का तुझ्यातली?"

"संपल्या, मावशी," शालन म्हणाली. मग मान वर करून सरळ अण्णांकडं बघत म्हणाली, "उद्या चार आणते."